रेणू उघडला, माणसं झाकली

किस्से कुणाकडे साचतात माहीत आहे का? ज्यांना कामाचं बोलायला बंदी असते, त्यांच्याकडे! आम्ही चौघं मराठी केमिस्ट, न्यू जर्सीत, नवी औषधं शोधायच्या धंद्यात. दिवसभर लॅबमध्ये काय उकळलं, काय जमलं, काय करपलं, हे नवऱ्याला किंवा बायकोलासुद्धा सांगायचं नाही, अशा कागदांवर सह्या करून बसलेलो. मग चार माणसांत बोलायचं कशावर? उरतात ती माणसंच. आणि माणसं भेटायची ती आमच्या सोसायटीत.

सोसायटी म्हणजे घरांची नव्हे. केमिस्टांची देशभर पसरलेली व्यावसायिक संस्था. तिचा एक स्थानिक सेक्शन आमच्याकडे होता. महिन्याला एक सभा, वर्षाला मोठी संमेलनं, आणि प्रत्येक कागदाच्या डोक्यावर छापलेलं ध्येय: रसायनशास्त्राची प्रगती. सभेला जायला पार्सिपनी गावाहून केळकर काकांची जुनी गाडी निघायची. काका रिटायर्ड केमिस्ट आणि सेक्शनचे खजिनदार. अंधार पडला की त्यांना नीट दिसायचं नाही, म्हणून गाडी रामटेके चालवायचा. प्रभाकर रामटेके, नागपूरचा, माझ्याच कंपनीत आणि माझ्या शेजारच्याच टेबलावर. मागच्या सीटवर मी आणि मुक्ता. मुक्ता पुण्याची, आमच्यापेक्षा बरीच लहान, नुकतीच व्हिसावर आलेली.

हे सगळं २००१ ते २००८ या काळातलं. त्या गाडीतली चारही माणसं आता त्या धंद्यात नाहीत, म्हणून मोकळेपणी सांगते.

*

पहिल्याच वर्षीची एक सभा. हॉटेलचा मागचा हॉल, कोरडं चिकन, शाकाहाऱ्यांना पास्ता, आणि जेवण झाल्यावर एका मोठ्या कंपनीच्या मोठ्या केमिस्टचं व्याख्यान. आपल्याला जे कळलं ते दुसऱ्यांना सांगावं, म्हणून तर सोसायटी!

पाहुण्यांनी पडद्यावर आपल्या रेणूचं चित्र लावलं. त्याचा अर्धा भाग काळ्या चौकोनाखाली झाकलेला. कंपनीच्या वकिलांनी झाकायला लावला होता. पुढचा पाऊण तास ते गृहस्थ त्या चौकोनाबद्दल बोलले. चौकोन बदलला की औषध पोटात टिकतं. चौकोन आणखी थोडा बदलला की लिव्हरला त्रास होत नाही. आम्ही सगळे शहाण्यासारख्या माना डोलावत होतो.

शेवटी केळकर काका उठले आणि चौकोनाखाली काय आहे म्हणून विचारलं. पाहुणे म्हणाले, सांगता येणार नाही. काकांनी ते समजून घेतलं आणि पुढचा प्रश्न टाकला, "बरं, मग जो भाग उघडा आहे तो तरी खरा आहे ना?"

पाहुणे जरा घुटमळले. "त्याबद्दलही मला बोलता येणार नाही."

परतताना रामटेके म्हणाला, "टाळ्या तेवढ्या उघड्यावर वाजवल्या आपण."

*

पण खोटं का बोला? सोसायटीने काही दिलंच नाही असं नाही.

दर वसंतात सेक्शनचं पोस्टरचं प्रदर्शन असायचं. विद्यार्थी आपापलं संशोधन मोठ्या कागदावर छापून भिंतीला लावायचे आणि शेजारी उभे राहायचे. आम्ही कंपन्यांतले लोक फुकटची पेनं गोळा करत हिंडायचो. एका वर्षी टॉयलेटच्या दाराजवळ एका मुलीचं पोस्टर होतं. तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. रामटेके मात्र तिथे उभा राहिला तो हललाच नाही. तिने अणूंचं एक छोटंसं, वाकडं वलय सोप्या पद्धतीने बनवून दाखवलं होतं. त्याचा उपयोग काय, ते तिला स्वतःलाही माहीत नव्हतं.

आमचं घोडं तेव्हा अडलेलं होतं. सांधेदुखीवरचं औषध शोधायचं काम. आमचे रेणू काचेच्या बशीत उत्तम चालायचे, पण उंदराच्या पोटात गेले की लिव्हर त्यांचा तासाभरात फडशा पाडायचं. रामटेकेने ते वाकडं वलय आमच्या रेणूत बसवून बघायचं ठरवलं. आमचा बॉस डग म्हणाला, असल्या फंदात वेळ घालवू नकोस. रामटेके बरं म्हणाला आणि इतर कामं उरकता उरकता त्याने तो रेणू बनवलाच. आणि तो टिकला! पुढच्या महिन्यापासून डग सगळ्या मीटिंगांत "आपलं वलय" असं म्हणायला लागला.

वर्षभराने तीच मुलगी पुन्हा प्रदर्शनात भेटली. तिने रामटेकेला ओळखलं. तुम्हीच एवढे प्रश्न विचारले होते, त्याचा काही उपयोग झाला का, असं तिने अगदी आशेने विचारलं. रामटेकेला सांगायला परवानगी नव्हती. तो म्हणाला, छान काम आहे तुझं. आणि टेबलावरचं एक पेन उचलून आला.

गाडीत बसल्यावर त्याने ते पेन डॅशबोर्डवर टाकलं. मग म्हणाला, "चोरी केली असती तर निदान लाज वाटली असती ताई. मी तर नियम पाळून आलो."

*

रामटेकेची आई नागपुरात एकटी राहायची. आयुष्यभर बिड्या वळून तिने याला शिकवलं. तिच्या लेखी काम म्हणजे संध्याकाळी हातात धरून दाखवता येतं ते. बिड्यांचे कट्टे मोजून दिले की झालं.

दर रविवारी तिचा एकच प्रश्न, काय बनवतोस रे? हा सांगायचा, औषध. कशाचं? सांगता येत नाही. कसं दिसते? सांगता येत नाही. मग एका रविवारी तिने आवाज खाली आणून विचारलं, "काऊन रे बाबू, दोन नंबरचं काम त नाही ना करत तू?"

हे सांगताना तो इतका हसला की गाडी लेनच्या बाहेर गेली आणि काका ओरडले. हसून झाल्यावर मात्र तो जे बोलला, ते आम्ही तिघंही विसरलो नाही.

मुक्ताने विचारलं होतं, की पेटंटवर तर तुमचं नाव आहे ना दादा, मग तेच का नाही सांगत? पेटंटवर नाव होतं, खरं आहे. पण पेटंटमध्ये शेकडो रेणू होते. त्यातला खरा कुठला ते दुसऱ्या कंपन्यांना कळू नये, म्हणून मुद्दाम एवढी गर्दी करतात. आणि शोध लावणारे म्हणून डगपासून सगळ्यांची नावं एका ओळीत. कुठला रेणू कुणाचा, हे त्या गर्दीत कुणालाच कळणार नव्हतं.

रामटेकेचा डोळा होता तो सोसायटीच्या मोठ्या संमेलनावर. तिथे एक खास सत्र असतं. औषध माणसांवरच्या चाचण्यांत बरंच पुढे गेलं, की कंपनी त्या सत्रात रेणूचं संपूर्ण चित्र पहिल्यांदा जगाला दाखवते. चौकोन नाही, झाकपाक नाही. त्या दिवशी बंदी उठते. आणि रिवाज असा, की बनवणाऱ्यांची नावं शेवटी पडद्यावर येतात.

"त्या दिवशी मायला फोन करीन," रामटेके म्हणाला. "सांगीन, हे मी बनवलं. पाह्य, नाव लिहिलं आहे."

बस. एवढंच हवं होतं त्या माणसाला. पगार, पद, बक्षीस याबद्दल तो कधी बोलला असेल तर मला आठवत नाही.

*

मुक्ताचं दुखणं वेगळं. तिला ग्रीन कार्ड हवं होतं. तिच्या वकिलाने सांगितलं, की तुम्ही तुमच्या विषयात नामांकित आहात असं सिद्ध करा. म्हणजे दुसऱ्यांच्या संशोधनाचं परीक्षण केल्याचा पुरावा आणा. आता नुकत्याच पीएच.डी. झालेल्या मुलीला परीक्षक म्हणून कोण बोलावणार? तर आमची सोसायटी! सेक्शनतर्फे दरवर्षी एका शाळेत विज्ञान प्रदर्शन भरायचं आणि परीक्षक आम्ही पुरवायचो.

मुक्ता नटूनथटून, सूट घालून गेली. बघते तर आधीच रांग. अर्धे चिनी, अर्धे भारतीय, सगळे व्हिसावरचे, सगळे डॉक्टर, सगळ्यांच्या वकिलांनी एकच सल्ला दिलेला. मुलांपेक्षा परीक्षक जास्त! सहावी-सातवीतली मुलं, बेकिंग सोडा आणि व्हिनेगरचे ज्वालामुखी मांडून बसलेली, आणि एकेका ज्वालामुखीभोवती पाच-पाच शास्त्रज्ञ वाकून नोंदी घेताहेत. एकाने एका मुलीला विचारलं, प्रयोग परत परत केला तर हेच उत्तर येतं का? ती रडायलाच लागली.

शाळेच्या बाई भारावून गेल्या होत्या. आशियाई लोकांमध्ये समाजसेवेची एवढी ओढ असते हे मला माहीत नव्हतं, असं त्यांनी भाषणात सांगितलं.

पुढे मुक्ताचा अर्ज मंजूर झाला. तिचे चांगले शोधनिबंध छापून आले होते, त्यांबद्दल सरकारने जास्तीचे खुलासे मागवले. ज्वालामुखीबद्दल एक शब्द विचारला नाही.

*

आता बक्षिसाची गोष्ट. ही सांगताना अजूनही माझं डोकं फिरतं.

आमचं औषध माणसांवरच्या चाचण्यांत गेलं आणि आमच्या सेक्शनने त्या शोधाला त्या वर्षीचा पुरस्कार जाहीर केला. नियम असा होता, की पुरस्कार चमूला, पण नावं मोजकीच. नाहीतर स्टेजवर मावणार कशी? यादी पाठवली डगने. त्यात डग, डगचा बॉस, त्या बॉसचा बॉस, उंदीर सांभाळणाऱ्या विभागाचे प्रमुख, आणि एक बाई, ज्यांनी मीटिंगांचं वेळापत्रक फार सुरेख ठेवलं होतं. रामटेके नाही. मीही नव्हते, पण मी तो रेणू बनवला नव्हता.

केळकर काका कमिटीवर होते. त्यांनी तिथे भांडण केलं. म्हणाले, ज्याने रेणू बनवला त्याचंच नाव नाही, हा कुठला न्याय? अध्यक्ष अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी शांतपणे समजावलं, की नावं कंपनी ठरवते, सोसायटी नाही, आणि एकाला घेतलं तर सगळ्यांनाच घ्यावं लागेल. काकांनी विचारलं, मग घ्या ना सगळ्यांना? त्यावर विषयपत्रिकेवरचा पुढचा विषय निघाला. तो पिकनिकचा होता.

पुरस्काराच्या जेवणाला आम्ही चौघं शेवटच्या टेबलावर. डगने फार छान भाषण केलं. तो खरोखरच छान बोलायचा. सगळ्यांचे आभार मानून झाल्यावर त्याने आमच्या दिशेने हात केला आणि म्हणाला, "आणि हे सगळं पी. के.च्या हातांशिवाय शक्य नव्हतं. सोन्याचे हात आहेत त्याचे. पी. के., उभा राहा."

पी. के. म्हणजे प्रभाकरमधली दोन इंग्रजी अक्षरं. आडनाव डगला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं आणि त्याने जमवूनही घेतलं नव्हतं. रामटेके उभा राहिला, टाळ्या झाल्या, बसला. समोरच्या पास्त्यातला एक तुकडा काट्याने फिरवत राहिला.

मी रागाने काहीतरी बोलायला गेले, तर त्यानेच मला थांबवलं. "असू द्या ताई. हातांचा सत्कार झाला ना? आपण हातांसोबत आलो होतो."

 परतताना पार्सिपनी आल्यावर काका म्हणाले, "मला इतकी वर्षं वाटत होतं, ही केमिस्टांची संस्था आहे. ही केमिस्ट्रीची आहे रे." पुढच्या महिन्यात त्यांनी खजिनदारपद सोडलं. सेक्शनने त्यांच्या सेवेबद्दल त्यांना लाकडी पाटी दिली. तिच्यावर त्यांचं नाव अगदी बरोबर होतं, हेही सांगायला हवं.

*

मग कंपनीचं लग्न लागलं. म्हणजे दुसऱ्या मोठ्या कंपनीने आम्हाला गिळलं. अशा वेळी सगळ्यात आधी केमिस्ट जातात, कारण रेणू शांघायला किंवा हैदराबादलाही बनवता येतात आणि तेही स्वस्तात. आमच्या इमारतीतल्या सगळ्या टेबलांवरच्या माणसांना एकाच सकाळी कॅफेटेरियात बोलावलं. डग राहिला. त्याला बढती मिळाली.

खोके भरायला आम्हाला दुपारपर्यंतचा वेळ होता आणि प्रत्येकामागे एक सिक्युरिटीचा माणूस. त्याच दिवशीच्या टपालाने सोसायटीचं मासिक आलं. मुखपृष्ठावर मोठा प्रश्न: देशाला पुरेसे केमिस्ट मिळतील का? सिक्युरिटीवाल्याने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि ते माझ्या खोक्यात सगळ्यात वर ठेवलं. त्या दिवसातली ती एकमेव माणुसकी होती असं मला अजूनही वाटतं.

सोसायटी मात्र लगेच मदतीला धावली. बेकार सभासदांना वर्गणी माफ! आणि सेक्शनतर्फे बायोडेटा तपासून द्यायचं शिबिर. रामटेके आणि मी गेलो. तपासनीस म्हणून बसलेले गृहस्थ पन्नाशीचे, टायबिय लावलेले, फार तळमळीने काम करत होते. त्यांनी रामटेकेचा बायोडेटा वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "औषधनिर्मितीच्या प्रकल्पांत अनेक नवी संयुगं बनवली. हे फार मोघम आहे. काय बनवलंत ते लिहा."

रामटेके म्हणाला, लिहिता येत नाही. अजून उघड झालेलं नाही. नोकरी गेली तरी सही केलेली असते.

गृहस्थांनी मान हलवली. "मग कुणाला कसं कळणार तुम्ही काय केलंत?"

रामटेकेने बायोडेटा परत घेऊन त्याची घडी घातली.  तेव्हा त्या गृहस्थांनी खिशातून स्वतःचा बायोडेटा काढला. त्यांनाही आमच्या आधी काही महिने काढून टाकलं होतं. इथे येणाऱ्या कंपनीवाल्यांशी ओळख होईल, म्हणून ते तपासनीस झाले होते. त्यांनी कागद आमच्यापुढे सरकवला. शब्दन् शब्द तीच ओळ!

"मीही शोधतोय," ते म्हणाले, "हिच्या जागी दुसरं काय लिहावं ते."

*

आणि आता शेवटचा किस्सा. हा मी फार कमी लोकांना सांगितला आहे.

२००८ च्या संमेलनाचा कार्यक्रम आला. रेणू पहिल्यांदा उघड करायच्या सत्रात आमचं औषध होतं. वक्ता डग. रामटेके तेव्हा कुठेच नोकरीला नव्हता. मुक्ता एका छोट्या कंपनीत लागली होती, मी एका कॉलेजात शिकवायला लागले होते. तिघं मिळून गाडीने गेलो. काकांना प्रवास झेपत नव्हता, त्यांनी फोन करून आशीर्वाद दिला. रामटेकेने इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाटेत त्याने दोनदा भारतात फोन करायचं कार्ड तपासलं. सत्र संपलं की नागपूरला फोन लावायचा होता. माय जागी राहणार होती.

हॉल खचाखच भरलेला. भिंतींना टेकून लोक उभे. या सत्राची गंमत अशी, की फोटो काढायला बंदी असते. रेणूचं चित्र पडद्यावर येतं, काही क्षण राहतं आणि जातं. तेवढ्यात ज्याने त्याने हाताने उतरवून घ्यायचं. दुसऱ्या कंपन्यांचे लोक तर अर्धा अर्धा भाग वाटून घेतात.

डगने बटण दाबलं. रेणू पडद्यावर आला. संपूर्ण, उघडा, त्या वाकड्या वलयासकट. सगळा हॉल एकदम खाली वाकला आणि पेन्सिली खरखरायला लागल्या. शेकडो माणसांत एकटा रामटेके ताठ बसून वर बघत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

डग नेहमीसारखाच सुरेख बोलला. शेवटची स्लाइड आभारांची. तिच्यावर नव्या कंपनीचं मोठं बोधचिन्ह, शांघायच्या लॅबचा एक ग्रुप फोटो, आणि काही नावं. मी वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. मुक्ताने तोंडातल्या तोंडात शिवी दिली. नव्या कंपनीचं धोरण होतं म्हणे. स्लाइडवर फक्त सध्याच्या कर्मचाऱ्यांची नावं टाकायची. म्हणजे तो रेणू ज्या इमारतीत जन्मला, तिथलं डग सोडून एकही नाव नाही.

मी रामटेकेकडे बघितलं. त्याने फोनचं कार्ड शर्टाच्या खिशात परत ठेवलं होतं. आता मायला तो काय सांगणार होता? हे मी बनवलं, पण नाव कुठे नाही, तू माझ्या शब्दावर विश्वास ठेव?

प्रश्नोत्तरं सुरू झाली. मधल्या वाटेत माइक असतो, त्याच्यामागे रांग लागते. रामटेके उठला आणि रांगेत जाऊन उभा राहिला. मुक्ता घाबरली. मला म्हणाली, ताई, दादा भांडणार बहुतेक, आवरा त्यांना. मी म्हटलं, भांडू दे. पुढचे लोक एकेक करून बोलत होते. कुणी डोस विचारला, कुणी लिव्हरचं विचारलं. सत्राच्या अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या, समोर घड्याळ ठेवून बसलेल्या. प्रत्येकाला आधी एकच विचारत होत्या. तुमचं नाव आणि संस्था सांगा.

रामटेकेची पाळी आली. तो डगला म्हणाला, रेणूची स्लाइड परत दाखवता का? यात वावगं काही नव्हतं, प्रश्न विचारणारे नेहमीच मागची स्लाइड मागतात. डगने त्याला ओळखलं. क्षणभर थांबला आणि बटण दाबलं. रेणू पुन्हा पडद्यावर आला.

आणि काय झालं असेल? ज्यांचं ज्यांचं चित्र अर्धवट राहिलं होतं, त्या सगळ्यांना घबाड मिळालं! पुन्हा सगळ्या माना खाली, पुन्हा पेन्सिली. माइकपाशी कोण उभं आहे हे बघायला कुणाला सवड नव्हती.

"नाव आणि संस्था?" बाईंनी विचारलं.

"प्रभाकर सोनबाजी रामटेके." शाळेत हजेरीला सांगतात तसं, वडिलांच्या नावासकट, सावकाश. "संस्था नाही. हा रेणू मी बनवला."

 बाईंनी चष्म्यावरून वर बघितलं, मग घड्याळाकडे बघितलं.

"बरं. आणि तुमचा प्रश्न?"

"प्रश्न नाही."

"मग आपण रांगेत कशासाठी उभे राहिलात?"

"इथे नाव विचारतात," रामटेके म्हणाला, "म्हणून."